कोपऱ्याला धरून ओढल्याने फोटो लहान होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा-महाविद्यालये, सार्वजनिक वाचनालये, पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, देवस्थाने, ग्रामपंचायती... हल्ली बहुतेकांची वेबसाइट असते. तिच्यावर फोटो चढवण्याचे काम कार्यालयातल्या एखाद्या लिपिकाकडे, ग्रंथपालाकडे नाहीतर संगणकाच्या सरांकडे येते. वेबसाइट बनवणारा लॉगिन देतो, ‘एडिटर अगदी वर्डसारखाच आहे’ असे सांगतो आणि पैसे घेऊन जातो. पुढची सगळी रड इथूनच सुरू होते. पान उघडायला वेळ लागतो, मोबाइलवर माणसे ताडासारखी उंच दिसतात, अध्यक्षांचे डोके कापले जाते, सूचनेचा फलक वाचता येत नाही. सर्व्हर बदलून किंवा जास्त पैशांचे होस्टिंग घेऊन यातले फारसे काही सुटत नाही. मूळ प्रश्न फोटोच्या मापांचा आहे. आपल्या वाचकांत हे काम करणारे पुष्कळ असतील, म्हणून तपशिलात लिहीत आहोत.

एडिटरमध्ये फोटोवर क्लिक केले की कोपऱ्यांवर ठिपके दिसतात आणि बाजूला रुंदी-उंचीच्या दोन चौकटी. यांतून फोटोला पानावर किती जागा मिळेल तेवढेच ठरते. फाइलला धक्काही लागत नाही. साध्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४०००×३००० पिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचा असतो. ओढून तो पानावर ४००×३०० केला, तर दिसतात १ लाख २० हजार ठिपके. वाचकाच्या मोबाइलवर मात्र शंभरपट माल उतरतो. स्नेहसंमेलनाचे ३० फोटो प्रत्येकी ४ एमबीचे धरले, तर एका पानासाठी १२० एमबी खर्च झाले. तेच फोटो १६००×१२०० वर आणून १०० पैकी ८० च्या दर्जाने जेपेग (फोटोच्या फाइलचा नेहमीचा प्रकार) केले, तर प्रत्येकी साधारण ३०० केबी, म्हणजे सगळे मिळून ९ एमबी. मोबाइलच्या पडद्यावर दोन्हींत फरक ओळखून दाखवणारा विरळा.

आपल्या पानाला किती मोठा फोटो लागतो, हे अंदाजाने ठरवू नये, मोजता येते. संगणकावर क्रोममध्ये ते पान उघडा, फोटोवर उजवे क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडा आणि उघडलेल्या पट्टीत फोटोच्या पत्त्यावर (फाइलच्या लिंकवर) माउस न्या. छोट्या चौकटीत दोन मापे दिसतात. ‘रेंडर्ड साइझ’ म्हणजे पानावर दिसणारे माप, ‘इन्ट्रिन्सिक साइझ’ म्हणजे फाइलचे खरे माप. पहिले ७००×५२५ आणि दुसरे ४०००×३००० दिसले, की दुखणे कळले. उपाय सरळ आहे. दिसणाऱ्या रुंदीच्या दुप्पट रुंदीची फाइल करायची, म्हणजे इथे १४०० पिक्सेल. दुप्पट एवढ्यासाठी, की आजचे मोबाइल आणि चांगले लॅपटॉप एका मापाच्या जागेत दोन-दोन, तीन-तीन ठिपके बसवतात. नेमकी ७०० ची फाइल तिथे किंचित मऊ, धुरकट दिसते. तिप्पट करण्याची गरज नाही, तो फरक डोळ्याला जाणवत नाही.

हे काम अपलोडच्या आधी, आपल्या संगणकावर करायचे. विंडोजच्या पेंटमध्ये फोटो उघडा, ‘रीसाइझ’मध्ये टक्क्यांऐवजी ‘पिक्सेल्स’ निवडा, ‘मेन्टेन ॲस्पेक्ट रेशो’वर टिक असल्याची खात्री करा आणि फक्त आडवे माप लिहा. उंची आपोआप भरली जाते. मग वेगळ्या नावाने जेपेग म्हणून सेव्ह करा, म्हणजे मूळ फोटो शाबूत राहतो. पेंटमध्ये दर्जाचा आकडा निवडता येत नाही, ही त्याची उणीव. एक-दोन फोटोंसाठी स्क्वूश हे ब्राउझरमधले साधन चांगले. ते फोटो आपल्याच संगणकावर बदलते, कोठे पाठवत नाही. तीसचाळीस फोटो असतील तर इरफानव्ह्यूमधले ‘बॅच कन्व्हर्जन’ वापरावे. लांब बाजू १६००, दर्जा ८०, लहान फोटो मोठे न करण्याच्या पर्यायावर टिक आणि निकालासाठी वेगळे फोल्डर. शेवटचे विसरलात तर मूळ फोटोंवरच नवे लिहिले जाऊ शकतात, मग छपाईसाठी मोठी प्रत मागितली की शोधाशोध.

जाता जाता एक गंमत. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलचा असतो. वेबसाइटच्या लेखातल्या फोटोला तो बऱ्याचदा पुरतो. आपल्या अंकात छापायला मात्र तो कमी पडतो. ३०० डीपीआयने, म्हणजे छपाईत एका इंचात ३०० ठिपके बसवले तर, १६०० पिक्सेल म्हणजे जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर. आमच्याकडे लोक नेमके उलट करतात, वर्तमानपत्राला व्हॉट्सॲपचा फोटो आणि वेबसाइटवर कॅमेऱ्यातली मूळ फाइल. डीपीआयचा आकडा वेबसाइटला निरुपयोगी आहे. ब्राउझर तो पाहतच नाही, तो पिक्सेल मोजतो. ‘७२ डीपीआय करून द्या’ असे सांगणाऱ्याकडे दुर्लक्ष करावे. छापखान्याकडून आलेली सीएमवायके (छपाईच्या शाईच्या) रंगांतली फाइल असेल तर तेवढी आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत, बदलून घ्यावी, नाहीतर रंग भलतेच दिसतात.

आता वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या तयार प्रणालीबद्दल, कारण बऱ्याच छोट्या संस्था त्यावर आहेत. एक फोटो चढवला की वर्डप्रेस स्वतःच त्याच्या लहान प्रती बनवते. आधीपासून ठरलेली मापे अशी: थंबनेल, म्हणजे नखाएवढी प्रत, १५०×१५० (कापून), मध्यम ३०० च्या आत, मोठी १०२४ च्या आत. शिवाय ७६८, १५३६ आणि २०४८ च्या प्रती. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून २५६० पेक्षा मोठ्या फोटोची तेवढ्या मापाची आणखी एक प्रत होते आणि तिच्या नावाला ‘स्केल्ड’ जोडले जाते. म्हणजे ४०००×३००० च्या एका फोटोचे मूळ फाइल धरून आठ भाग झाले. होस्टिंगची जागा कुठे जाते, असा प्रश्न पडतो तेव्हा ती इथे गेलेली असते. लेखातून फोटो काढला तरी मीडिया लायब्ररीत हे आठही तसेच राहतात.

एवढ्या प्रती कशाला, तर ब्राउझरला निवड करता यावी म्हणून. २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून वर्डप्रेस फोटोबरोबर उपलब्ध मापांची यादी पाठवते आणि मोबाइल त्यातली बेताची प्रत उचलतो. ही सोय मिळते ती मीडिया लायब्ररीतून निवडलेल्या फोटोलाच. कोणी एचटीएमएलमध्ये (पानाच्या कोडमध्ये) फोटोचा पत्ता हाताने चिकटवला, तर वर्डप्रेसला तो फोटो आपला आहे हे कळत नाही आणि सगळ्यांना तीच एक फाइल जाते. उजवीकडच्या पट्टीत ‘रिझोल्यूशन’ नावाची यादी असते. तिथे ‘फुल’ऐवजी ‘लार्ज’ निवडायची सवय लावावी आणि ओढाओढी त्यानंतर करावी. याच्या उलट चूकही होते. ‘मीडियम’ निवडून ३०० ची प्रत घेतात आणि ती ओढून ८०० करतात. मग ‘फोटो फाटतोय’ अशी तक्रार येते. फाटणारच, तिच्यात ठिपकेच तेवढे आहेत.

सेटिंग्जमधल्या ‘मीडिया’ पानावर ही मापे बदलता येतात. थीमच्या (वेबसाइटच्या तयार डिझाइनच्या) मजकुराची रुंदी ७२० असेल, तर ‘लार्ज’ १४४० करून घेणे उत्तम. पण बदल फक्त पुढच्या अपलोडना लागू होतो. आधीच्या फोटोंसाठी ‘रिजनरेट थंबनेल्स’ हे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचे छोटे साधन) चालवावे लागते, आणि तेही रात्री. दिवसा चालवले तर स्वस्तातले होस्टिंग गुडघे टेकते.

चेहरे ताणले जाण्याचे दुखणे वर्डप्रेसपेक्षा जुन्या, संस्थेसाठी खास बनवून घेतलेल्या वेबसाइटवर जास्त दिसते. तिथे बहुधा सीकेएडिटर ४ किंवा टायनीएमसीई नावाचा एडिटर असतो. (सीकेएडिटर ४ चा नियमित आधार जून २०२३ मध्ये संपला, तरी तो ठिकठिकाणी चालूच आहे.) फोटोच्या चौकटीत रुंदी-उंचीशेजारी कुलपाचे चित्र असते. ते बंद असेल तर एक आकडा बदलला की दुसरा प्रमाणात बदलतो. उघडे राहिले तर गोल बोधचिन्हाचे अंडे होते. एवढे बहुतेकांना माहीत असते. चकवा पुढे आहे. संगणकावर सगळे ठीक दिसते आणि मोबाइलवर माणसे उभी ताणली जातात. कारण असे, की सीकेएडिटर ४ फोटोच्या ‘स्टाइल’मध्ये (कसे दिसावे याच्या सूचनांत) रुंदी ८०० पिक्सेल, उंची ६०० पिक्सेल असे ठोकून लिहितो. वेबसाइटच्या डिझाइनमध्ये ‘कमाल रुंदी १०० टक्के’ असा नियम असतो, त्यामुळे मोबाइलवर रुंदी आक्रसून ३४० होते. उंचीला तसे सांगणारे कोणी नसते, ती ६०० वरच अडून राहते. डिझाइनमध्ये ‘उंची ऑटो’ असा नियम असला तरी फोटोवर थेट लिहिलेली स्टाइल त्याच्यावर मात करते.

यावर उपाय म्हणजे एडिटरच्या ‘सोर्स’ बटणावर जाऊन त्या फोटोच्या स्टाइलमधली उंची पुसून तिथे ‘ऑटो’ लिहिणे. वैतागून रुंदी-उंचीचे सगळेच उल्लेख काढून टाकणारेही आहेत. तसे केल्याने दुसरे संकट ओढवते. पान उघडताना ब्राउझरला फोटोसाठी किती जागा राखायची हे कळत नाही, आधी मजकूर वर बसतो आणि फोटो आला की सगळे खाली उडी मारते. वाचक ‘प्रवेश अर्ज’वर बोट ठेवायला जातो आणि भलतीच लिंक उघडते. २०१९ च्या अखेरीपासून क्रोम आणि फायरफॉक्स फोटोच्या टॅगमधल्या (पानाच्या कोडमधल्या फोटोच्या ओळीतल्या) रुंदी-उंचीच्या आकड्यांवरून प्रमाण काढून जागा आधीच राखतात, इतर ब्राउझरही मागून तसेच करू लागले. म्हणून टॅगमध्ये फाइलची खरी रुंदी आणि उंची असू द्यावी, स्टाइलमध्ये उंची ऑटो असावी. हे दोन्ही एकत्र असले तरच काम होते. गूगल या उड्या मोजते, ०.१ पर्यंतचा गुण चांगला धरते आणि २०२१ पासून शोधाच्या क्रमवारीत त्याचाही विचार करते.

अध्यक्षांचे डोके कापले जाण्याकडे वळू. मुखपृष्ठावरचा सरकता फोटो बहुतेक थीममध्ये १९२०×६०० च्या आसपास असतो. मोबाइलचा फोटो ४:३ चा. तो या पट्टीत बसवला की ३००० पैकी १२५० पिक्सेल उंचीच शिल्लक राहते. वरून आणि खालून मिळून ५८ टक्के फोटो जातो, तोही कोणाला न विचारता, मधला भाग धरून. सत्काराच्या फोटोत वर बॅनर, मध्ये मागची रांग, खाली खुर्च्यांवरचे मान्यवर असतात. त्यातले मान्यवरच बाहेर. शिवाय तीच पट्टी मोबाइलवर उभट होते तेव्हा दोन्ही बाजू कापल्या जातात. सरकत्या पट्टीसाठी फोटो वेगळाच काढावा लागतो. आडवा धरून, थोडे मागे सरून, माणसे मधल्या एक तृतीयांश भागात ठेवून. तसा फोटो नसेल तर त्या जागी इमारतीचा फोटो लावा आणि सत्काराचा फोटो आत बातमीत द्या. फोटोवर अक्षरे टाकून पट्टी बनवण्याचा मोहही टाळावा. अक्षरे थीमच्या मथळ्याच्या रकान्यात लिहिली तर ती कापली जात नाहीत.

वर्डप्रेसच्या ६.३ आवृत्तीपासून फोटोला ठरावीक प्रमाण दिले की ‘कव्हर’ आणि ‘कन्टेन’ असे दोन पर्याय येतात. कव्हर जागा भरण्यासाठी कापते. कन्टेन सगळा फोटो दाखवते आणि उरलेली जागा रिकामी सोडते. नॅकच्या मूल्यांकनाच्या तयारीत असलेल्या महाविद्यालयांनी हा फरक ध्यानात ठेवावा. तिथे पुरावा म्हणून जिओटॅग केलेले (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो लागतात आणि त्यांच्या तळाशी नकाशा, अक्षांश-रेखांश, तारीख यांची पट्टी असते. आडव्या पट्टीत हा फोटो टाकला की नेमका तोच तळ जातो. चौकोनी थंबनेलमध्ये बाजू कापल्या जातात आणि डावीकडचा नकाशा अर्धवट उरतो. ३०० पिक्सेलच्या प्रतीत पट्टी पूर्ण दिसली तरी आकडे वाचता येत नाहीत. अशा फोटोंना कन्टेन वापरावे, आणि ६.४ पासून आलेली ‘क्लिक केल्यावर मोठा दिसेल’ ही सोय चालू करावी.

सर्वांत जास्त नुकसान मात्र सूचनांचे होते. परिपत्रकाचा फोटो काढायचा, एडिटरमध्ये टाकायचा, झाले. ए-४ कागद १०२४ च्या प्रतीत ७२४×१०२४ चा होतो, आणि १२ पॉइंटचे अक्षर साडेचौदा पिक्सेलचे. रोमन लिपी एवढ्यात निभावते. देवनागरीला त्याच उंचीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार बसवायचे असतात. ३०० च्या प्रतीत तेच अक्षर चार पिक्सेलचे उरते, मग ‘पत’ आणि ‘पंत’ सारखेच. मोबाइलवर पानाच्या रुंदीत बसवलेला ए-४ कागद असाच साडेसहा-सात पिक्सेलवर येतो आणि वाचणारा दोन बोटांनी ताणत बसतो. दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला तर त्या चित्रात काहीच सापडत नाही. सरकारी वेबसाइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वे वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून असलेल्या ज्या डब्ल्यूसीएजी २.१ निकषांच्या एए पातळीवर आधारलेली आहेत, त्यातही मजकुराऐवजी मजकुराचे चित्र वापरू नये असेच म्हटले आहे. सूचना युनिकोडमध्ये टाइप करावी आणि सही-शिक्क्याची प्रत पीडीएफ म्हणून खाली जोडावी. चित्रच देणे भाग असेल तर कागद २०० डीपीआयने स्कॅन करावा (१६५४×२३३९ येते), ‘फुल’ प्रत वापरावी आणि तारीख, विषय, मुदत एवढे तरी वर टाइप करावे.

वर्डमधून कॉपी करून थेट एडिटरमध्ये चिकटवणे बंद केले तर निम्मे त्रास कमी होतील. फोटो दोनपैकी एका रीतीने येतो. एक तर त्याचा पत्ता तुमच्या संगणकाच्या सी ड्राइव्हवरचा राहतो आणि बाहेर सगळ्यांना फुटकी चौकट दिसते. नाहीतर एडिटर सबंध फोटोच अक्षरांच्या लांबलचक माळेत बदलून मजकुरात कोंबतो. त्यात आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, लहान प्रती बनत नाहीत आणि लेख सेव्ह करताना एडिटर गोठतो. मजकूर साधा चिकटवावा, फोटो वेगळे चढवावेत.

फाइलचे नाव रोमन लिपीत, छोटे ठेवावे. आम्ही मराठीचे कैवारी असूनही हे सांगतो. ब्राउझरमधून पत्ता कॉपी केला की देवनागरीतले प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा नऊ खुणांची होते. ‘वार्षिक-स्नेहसंमेलन’ एवढ्याच नावाचा १६३ खुणांचा पत्ता तयार होतो आणि सर्व्हर बदलताना अशाच फाइली हरवतात. मराठी लिहायची जागा ‘अल्ट टेक्स्ट’ची (फोटोचे वर्णन, जे स्क्रीन रीडर वाचतो) आणि फोटोखालच्या ओळीची, तिथे भरपूर लिहावे.

फोटो चढतच नसेल तर दोन शक्यता. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेवर चालते तिची मूळ अपलोड मर्यादा २ एमबी असते. होस्टिंगवाल्याने ती वाढवली नसेल तर ४ एमबीचा फोटो परत येतो. फोटो मर्यादेत बसूनही अडत असेल, तर सर्व्हरची मेमरी अपुरी पडते आहे. ४०००×३००० चा फोटो डिस्कवर ४ एमबीचा असला तरी लहान प्रती करण्यासाठी उलगडला की प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरून ४८ एमबी व्यापतो. वर्डप्रेस तेव्हा २५६० पिक्सेलपर्यंतचा फोटो सुचवते. मर्यादा वाढवून घेण्यापेक्षा फोटो १६०० चा करणे केव्हाही सोपे.

संस्थाचालकांना एक सुचवावेसे वाटते. वेबसाइटचे किंवा वार्षिक देखभालीचे कोटेशन मागवताना त्यात एक पानी मापांचा तक्ता मागा. मुखपृष्ठाची पट्टी, बातमीतला फोटो, कर्मचाऱ्यांचे फोटो, बोधचिन्ह, साइट आयकॉन (वर्डप्रेसमध्ये ५१२×५१२) आणि व्हॉट्सॲप-फेसबुकवर लिंक पाठवल्यावर दिसणारे चित्र (१२००×६३०), एवढ्यांची रुंदी, उंची आणि कमाल केबी. सोबत एडिटरमध्येच कमाल माप घालून मागा. द्रुपल या वर्डप्रेससारख्याच प्रणालीत फोटो अपलोडच्या सेटिंगला तशी चौकट आहे, वर्डप्रेसमध्ये छोट्या प्लगइनने होते. मग कोणी ८ एमबीचा फोटो टाकला तरी तो आत येतानाच लहान होईल. हा तक्ता द्यायला का-कू करणाऱ्याला काम देऊ नये. तो बनवायला त्याला अर्धा तासही लागत नाही, आणि लागत असेल तर थीम त्याने स्वतः बसवलेली नाही.

आपले,
संस्थांच्या वेबसाइटची देखभाल करणारे काही वाचक, नाशिक